कानटोपीच्या आत वाढणारा किडा : ओरेगनच्या खाडीकाठी दहा दिवस

पहिला दिवस : चिखल

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात कूस बे ही खाडी आहे. तिच्या तोंडाशी चार्ल्सटन नावाचं मासेमारीचं छोटं बंदर आहे. पोर्टलंडहून गाडीने चारेक तास लागतात. ओरेगन विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्र केंद्र इथे १९२४ पासून आहे. रिबन वर्मच्या अळ्यांबद्दल अलीकडे जे नवं कळलं, त्यातलं पुष्कळसं स्वेतलाना मास्लाकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच काम करून मिळवलं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत फीतकृमी म्हटलं की आतड्यातला पट्टकृमी डोळ्यांपुढे येतो. रिबन वर्म तो नव्हे. हा नेमर्टिया नावाचा स्वतंत्र संघ आहे. यातले बहुतेक किडे समुद्रात मोकळे राहतात आणि शिकार करतात. शिकारीचं हत्यार म्हणजे सोंड. ही सोंड आतड्याच्या वर, द्रवाने भरलेल्या वेगळ्या पोकळीत घडी होऊन पडलेली असते. पोकळीच्या भिंतीचे स्नायू आवळले की हातमोजा उलटा होऊन बाहेर यावा तशी ती बाहेर फेकली जाते.

उन्हाळ्यात इथली सर्वांत खोल ओहोटी पहाटे किंवा सकाळी येते. भरती-ओहोटीच्या तक्त्यात शून्याखालचा आकडा ज्या दिवशी असेल तो दिवस धरायचा आणि ओहोटीच्या नीचांकाच्या तासभर आधीच चिखलात पोचायचं. पाणी वळल्यावर हाताशी फार वेळ राहत नाही. प्राणी गोळा करायला राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. तो घरून निघण्याआधी हातात असावा.

शोधायचा तो मॅक्युलॉरा अलास्केन्सिस. १९०१ मध्ये वर्णन झालं तेव्हा हा मायक्रुरा वंशात होता, २०१५ मध्ये त्याला नवा वंश मिळाला. जुन्या लिखाणात मायक्रुरा अलास्केन्सिस दिसलं तर प्राणी हाच समजावा. रंग गुलाबीसर, अंग मऊ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आडवी चीर. फावड्याने वाळूमिश्रित चिखलाचं ढेकूळ उचलायचं आणि हातांनी हळूहळू फोडायचं. तुटलेल्या कडेवर ओला गुलाबी दोरा चमकतो, तोच तो. घाई इथेच नडते. टोक धरून ओढलं की किडा तुटतो. तुकडे जगतात, पण जखमेतून अंडी आणि चिकट स्राव एकदमच बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशीचं काम बिघडतं. त्यामुळे भोवतीचा चिखल पाण्यात विरघळू द्यायचा, मग किडा आपणहून सुटा होतो. प्रत्येकाला झाकणाची वेगळी बाटली. एकाच बाटलीत नर-मादी पडले आणि वाटेतच अंडी-शुक्राणू सुटले, तर फलन कधी झालं याचा हिशेब लागत नाही.

दुसरा दिवस : अंडी

किडे रात्रभर वाहत्या समुद्राच्या पाण्यात ठेवले होते. सकाळी डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली नर-मादी ओळखता येतात. जननग्रंथी अंगाच्या दोन्ही कडांना, आतड्याच्या कप्प्यांच्या मधेमधे रांगेने असतात. मादीच्या कातडीतून सुटे गोल दाणे दिसतात, नराच्या ग्रंथी दुधट आणि एकसंध.

इथून पुढे भांड्यांचा नियम कडक. ज्या काचेला कधी साबण, फॉर्मॅलिन किंवा रंगद्रव्य लागलेलं आहे, ती भ्रूणांसाठी वापरायची नाही. घासण्याचा ब्रशसुद्धा वेगळा. वाडगी नुसत्या गरम पाण्याने धुऊन, मग गोड्या पाण्याने विसळून पालथी ठेवायची. अर्धे अपयशी प्रयोग इथे फसतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या अंड्यांवर जातो.

मादीच्या मागच्या भागाचा छोटा तुकडा बारीक कात्रीने कापून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवला की अंडी बाहेर पडतात. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेलं असावं. ताजी अंडी वेडीवाकडी असतात, कारण ग्रंथीत ती एकमेकांना चेपून बसलेली असतात. प्रत्येकात मधोमध एक मोठं, फिकट केंद्रक स्पष्ट दिसतं. अशा अंड्यांवर लगेच शुक्राणू घालणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ती अजून तयार नाहीत. समुद्राच्या पाण्यात अर्धा-एक तास राहू द्यायची. अंडं गोल होतं, केंद्रकाची कड विरते आणि सगळीकडे सारखाच दाणेदार रंग दिसतो. मॅक्युलॉराचं अंडं जेमतेम ७०-८० मायक्रॉनचं, म्हणजे साध्या डोळ्यांना धुळीच्या कणाएवढं.

शुक्राणू जास्त झाले तर एका अंड्यात अनेक शिरतात आणि पहिलं विभाजनच वाकडं होतं, दोनाऐवजी तीन-चार असमान तुकडे पडतात. म्हणून शुक्राणूंच्या दाट द्रावाचा एक थेंब वेगळ्या वाडग्यात पातळ करायचा आणि त्यातले थोडे थेंब अंड्यांवर. अंड्यांचं पाणी किंचितही गढूळ दिसता कामा नये. दहा-पंधरा मिनिटांनी वरचं पाणी ओतून दोन-तीनदा नवं घालायचं. अंड्याच्या कडेला ध्रुवपिंडाचा, म्हणजे अंड्याने बाहेर टाकलेल्या इवल्या पेशीचा, ठिपका उमटला की काम जमलं.

विभाजन सर्पिल असतं. चार पेशींच्या आठ होताना वरच्या चार नेमक्या खालच्यांच्या डोक्यावर न बसता खाचांमध्ये सरकून बसतात. गोगलगाय, शिंपले, वलयी कृमी यांचीही हीच रीत. या सर्वांचं नातं इथे, आठ पेशींतच दिसतं.

तिसरा दिवस : पोहणारे गोळे

रात्रीत भ्रूणांना सिलिया, म्हणजे हलणारे सूक्ष्म केस फुटले आणि ते तळ सोडून वर आले. जे वर आले तेच पिपेटने नव्या वाडग्यात घ्यायचे. तळाशी राहिलेले मेलेले किंवा अर्धवट असतात आणि त्यांच्यामुळे जिवाणू वाढतात. वाडगी वाहत्या पाण्याच्या टेबलावर अर्धी बुडवून ठेवली की थंड राहतात. उत्तरेचा वारा सुटला की इथे खोल, गार पाणी वर येतं, म्हणून भर उन्हाळ्यातही समुद्र ११-१३ अंशांच्या आसपास असतो. मुंबईच्या पाण्याची सवय असलेल्याला हे खरं वाटत नाही, पण या अळ्यांना तेच हवं. खिडकीशी उन्हात राहिलेलं एक वाडगं दुपारपर्यंत संपतं.

बाकी दिवसभर पाहण्यासारखं थोडंच. गोळ्याची एक बाजू आत दबते आणि आतड्याची सुरुवात होते.

पाचवा दिवस : टोपी

आता खरं रूप. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८४७ मध्ये उत्तर समुद्रातली अशीच अळी पाहून तिला पिलिडियम नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ छोटी टोपी. आपल्याकडे यापेक्षा नेमका शब्द आहे, कानटोपी. वर घुमट, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन मोठ्या कानपाळ्या, पुढे एक आणि मागे एक लहान पाळी. घुमटाच्या माथ्यावर लांब सिलियांचा झुपका, अगदी शेंडीसारखा. पोहताना शेंडी पुढे. पाळ्यांच्या कडेने लांब सिलियांचा अखंड पट्टा फिरतो. पाळ्यांच्या मध्ये तोंड, मग अन्ननलिका, मग पिशवीसारखं जठर. इथेच आतडं संपतं. गुदद्वार नाही. नको असलेलं तोंडातूनच परत जातं.

खाद्य म्हणून ऱ्होडोमोनास लेन्स हे लालसर एकपेशीय शैवाल उत्तम. मिलिलीटरला साधारण दहा हजार पेशी पुरतात, आणि मोजणी रक्तपेशी मोजायच्या काचेवर करायची, नजरेच्या अंदाजाने नाही. शैवाल ज्या खतपाण्यात वाढवलं ते आधी सेंट्रिफ्यूजने काढून टाकायचं, नाहीतर त्यातले क्षार आणि जिवाणू वाडग्यात जातात. जास्त घातलेलं खाद्य तळाशी बसून कुजतं. अळ्या सुरुवातीला मिलिलीटरला एक, वाढल्या की त्याहूनही विरळ. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, पण अळ्या गाळणीवर ओतायच्या नाहीत, त्या फाटतात. बारीक जाळी लावलेली नळी वाडग्यात उभी करायची आणि तिच्या आतून पाणी उपसायचं. अळ्या बाहेर, पाण्यातच राहतात.

पृष्ठभागावर चिकटून बसणं हा आणखी एक त्रास. पाण्याच्या ताणात अडकलेली अळी कोरडी पडून मरते. त्यावर सेटिल अल्कोहोलचा अगदी एखादा कण पाण्यावर टाकतात, तो पातळ थर होऊन पसरतो आणि अळ्या सुटतात.

खाणं मात्र एकदा तरी नीट पाहावंच. स्लाइडवर थेंब, आच्छादन काचेच्या चार कोपऱ्यांना प्लॅस्टिसिनचे पाय, आणि काच हलके दाबत न्यायची, इतकीच की अळीला फिरता येऊ नये पण चेंगरूही नये. पाळ्यांच्या सिलिया पाणी आत ओढत असतात. शैवालाची एक पेशी त्या प्रवाहात येते. ती पाळ्यांच्या आत शिरताच पिलिडियम कानपाळ्या झटक्यात आवळतं, घुमट किंचित फुगतो, आणि पेशी तोंडाच्या नरसाळ्याकडे ढकलली जाते. काही क्षणांत ती जठरात गरगर फिरताना दिसते. अर्ध्या तासात जठर गुलाबी होतं. हे गाळणं नव्हे, एकेक घास पकडणं आहे. २०१३ मध्ये फोन डासो, एमलेट आणि मास्लाकोवा यांनी वेगवान चित्रणाने हे उलगडलं.

सहावा दिवस : धक्क्यावरून जाळं

वाडग्यातली पिलिडियम पूर्ण वाढायला पाच आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. दहा दिवसांच्या मुक्कामात ते शक्य नाही. उपाय म्हणजे पुढच्या अवस्था समुद्रातूनच आणायच्या. धक्क्यावरून बारीक जाळीचं प्लवक-जाळं, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव पकडायचं जाळं, १५० मायक्रॉनच्या आसपासच्या छिद्रांचं, भरती आत येत असताना सोडायचं. ओहोटीत खाडीचं गढूळ पाणी मिळतं, भरतीत मोकळ्या समुद्राचं. पाच मिनिटं पुरे. जास्त वेळ ओढलं तर सगळा माल जाळ्याच्या टोकाला दाबला जाऊन पिलिडियमच्या पाळ्या चुरगळतात.

बादली तशीच ठेवून जेवायला जायचं नाही. गर्दीत कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव सगळ्यांना धडका देत राहतात, आणि पिलिडियम असली तरी थोडीच असतात. थंड पाण्यात लगेच विरळ करून, काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने उजेड टाकून शोधायचं. पारदर्शक घुमट काचेच्या घंटीसारखा चमकतो. रुंद तोंडाच्या पिपेटने उचलायचा.

त्याच बंदरात डंजनेस खेकड्याच्या होड्या लागलेल्या असतात. त्या खेकड्यांच्या अंड्यांच्या घोसातही एक रिबन वर्म राहतो, कार्सिनोनेमर्टिस एरन्स. तो ती अंडीच खातो, म्हणून इथल्या मच्छीमारीच्या अभ्यासात त्याचं नाव पूर्वीपासून येतं.

सातवा दिवस : आठ तुकडे

या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच. जाळ्यातून आलेल्या वेगवेगळ्या वयाच्या पिलिडियमना वयाप्रमाणे लावलं. अळ्या स्थिर व्हाव्यात म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडचं साडेसात टक्क्यांचं द्रावण आणि समुद्राचं पाणी निम्मं-निम्मं. पाच-दहा मिनिटांत स्नायू ढिले पडतात, सिलिया मात्र हलत राहतात.

बेडकाचा टॅडपोल हळूहळू बेडूक होतो, शेपूट आखडते, पाय फुटतात. पिलिडियमचं तसं नाही. टोपीचा किडा होत नाही. टोपीच्या आत, सुट्या तुकड्यांतून, किडा नव्याने जोडला जातो. सर्वांत लहान अळीत टोपीच्या कातडीवर आतल्या बाजूला दोन खळगे दिसले, जठराच्या पुढे उजवी-डावीकडे. या डोक्याच्या चकत्या. त्याहून मोठ्या अळीत मागच्या बाजूला आणखी एक जोडी, धडाच्या चकत्या. मग या दोघींच्या मधे, जठराच्या बाजूंना, मेंदूलगतच्या संवेदी अवयवांच्या चकत्या. या तीन जोड्या झाल्या. त्यांत दोन एकेकट्या भागांची भर पडते, पुढे सोंडेचा अंकुर आणि मागे-वर पाठीची चकती. एकूण आठ.

एका चकतीवर भिंगाचा फोकस वर-खाली करून पाहिलं. खळगा आत जाऊन पिशवी होते आणि टोपीच्या कातडीपासून सुटते. पिशवीची जठराकडची भिंत जाड, उंच पेशींची. ती पुढे किड्याची कातडी होणार. बाहेरची भिंत मात्र इतकी पातळ की फोकस जरा चुकला की ती दिसतच नाही. ही झिल्ली. पुढे सगळ्या पिशव्या एकमेकींना भिडल्या की त्यांच्या पोकळ्याही एक होतात आणि आतला किडा झिल्लीत वेढलेला, पोटातल्या बाळासारखा राहतो. नवशिक्यांना नेहमी चकवतं ते हेच. जाड भिंत दिसते, झिल्ली दिसत नाही, आणि चकती टोपीच्या आत नुसती तरंगतेय असं वाटतं.

या चकत्या येतात कुठून? पुढच्या-मागच्या पाळ्या आणि कानपाळ्या जिथे मिळतात तिथे कोपरे आहेत. त्यांना काखा म्हणणं योग्य, कारण वनस्पतीच्या पानाच्या काखेत कळी असते तसंच इथे घडतं. विभाजन पावणाऱ्या पेशींची गर्दी या काखांमध्ये असते. २०१४ मध्ये नव्या डीएनएला खूण लावून केलेल्या कामात दिसलं की टोपीचा सिलियांचा पट्टा तिथूनच लांबतो आणि चकत्यांचा उगमही तिथल्याच पेशींशी जोडलेला आहे. टोपी वाढवणारी आणि किडा घडवणारी जागा एकच!

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर टोपी आणि किडा किती वेगळे आहेत हेही इथल्याच प्रयोगांत दिसलं. पुढे काय आणि मागे काय हे शरीराला सांगणारी हॉक्स जनुकं मॅक्युलॉरात आतल्या किड्यात क्रमाने चालू होतात, पिलिडियमच्या शरीराची आखणी मात्र त्यांच्यावर नाही. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. शिवाय दोघांची दिशाही वेगळी. टोपीची शेंडी वर, किडा आत आडवा, डोकं पुढच्या पाळीकडे.

आठवा दिवस : दुसऱ्या घराण्याच्या अळ्या

सगळे रिबन वर्म टोपी घालत नाहीत. ज्यांच्या सोंडेत टोचणी असते, त्या हॉप्लोनेमर्टियांची अळी साधी लांबट, सिलियांनी झाकलेली. याच चिखलात पॅरानेमर्टिस हा वरून जांभळट, खालून फिका किडा सापडतो. त्याच्या अळीवर मोठ्या पेशींची तात्पुरती कातडी असते आणि तिच्या फटींतून खालची खरी कातडी वर येत ती जागा घेते. घाईघाईत पाहणाऱ्याला ती ‘थेट वाढ’ वाटते. मोठ्या पेशींच्या कडा पाहायच्या तर अगदी सुरुवातीच्या दिवसांत पाहाव्या लागतात.

तिसरं घराणं जुन्या बांधणीच्या पॅलिओनेमर्टियांचं. त्यातल्या कॅरिनोमाच्या अळीत वलयी कृमींच्या अळीसारख्या सिलियांच्या पट्ट्याच्या खुणा पेशींच्या वंशावळीतून २००४ मध्ये सापडल्या. पाहून ओळखू येत नाहीत, पण पेशी तेच सांगतात. म्हणजे टोपी हा याच संघाच्या एका शाखेने मागाहून काढलेला शोध.

आणि टोपीतही प्रकार आहेत. काही पिलिडियम कानपाळ्या टाकून मोज्यासारखी वाकतात. इथल्याच पाण्यातलं पिलिडियम नील्सेनाय तर खातच नाही, त्याच्या अंगावर सिलियांचे दोन आडवे पट्टे असतात. जाळ्यात ते आलं तर वलयी कृमीची अळी समजून फेकू नये. आत किड्याची घडी दिसते का, ते आधी पाहावं.

नववा दिवस : रंग

रचना टिकवायची तर चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, समुद्राच्या पाण्यात, अर्धा तास. आधी मॅग्नेशियम क्लोराइड देणं विसरलं तर पिलिडियम आवळलेल्या मुठीसारखं आकसतं आणि कानपाळ्या आत वळतात, मग कितीही चांगला रंग दिला तरी उपयोग नाही. स्नायूंसाठी चमकणारं फॅलॉयडिन. ते लावल्यावर टोपीत तोंडाभोवतीचे आणि पाळ्यांचे स्नायू, आणि आतल्या किड्याच्या भिंतीत गुंफलेले स्नायू वेगवेगळे उजळतात. फॉर्मल्डिहाइडची भांडी आणि भ्रूणांची भांडी एकाच खोलीतसुद्धा ठेवू नयेत.

दहावा दिवस : बाहेर

आपल्या वाडग्यातल्या अळ्या आज आठ दिवसांच्या. जठरं गुलाबी, आणि चांगल्या खाल्लेल्या काहींत जठराच्या पुढे पहिला खळगा धरल्यासारखा. त्या इथल्या टेबलावरच पुढे वाढणार.

जाळ्यातली सर्वांत मोठी पिलिडियम मात्र टोकाला आली होती. डोक्याच्या भागांचं एक डोकं झालेलं, धडाच्या भागांचं एक धड. दोन्ही जुळून जठराभोवती कडं तयार झालं होतं, मग कडं बंद होऊन आत अख्खा किडा. टोपीचं जठर आता किड्याचं जठर. किडा झिल्लीत वळवळतो, टोपी अजून पोहते. एकाच कातडीत दोन प्राणी हलताना दिसतात, आणि त्यांची हालचाल एकमेकांशी जुळत नाही.

मग टोपी फाटली. किड्याचं डोकं बाहेर आलं. पण जठर दोघांचं एकच, आणि टोपी अजून त्याच्या तोंडाशी जोडलेली. किडा तिला मागे सोडून जात नाही. तोंड रुंद झालं आणि टोपी आत जाऊ लागली, आधी पाळ्या, मग घुमट. त्या वेळी उजेड कमी ठेवावा. मायक्रोस्कोपच्या दिव्याने थेंब तापला तर किडा मधेच थांबतो आणि अर्धी टोपी तोंडातून लोंबत राहते. थेंबात थंड पाण्याची भर घालत राहिलं की काम पुरं होतं.

सगळं आत गेल्यावर किडा काचेवर सरकायला लागला. लांबी मिलिमीटरच्या आतच, अंग फिकट, जठरात टोपीचा दाणेदार गोळा. डोकं बाजूला वळलं तेव्हा चीर दिसली, पहिल्या दिवशी चिखलातल्या गुलाबी दोऱ्यावर होती तशीच आडवी. आठ तुकडे कुठे जोडले गेले ते शोधायला फोकस वर-खाली केला. सांधा एकही सापडला नाही.